‘सगळं साफ केलंय’ म्हणजे नेमकं काय काढलं?

मराठवाड्यातल्या एका गावाहून आलेलं हे पत्र. लिहिणाऱ्या ताई ३८ वर्षांच्या आहेत, घरी शिलाईकाम करतात. आई आणि मावशी आयुष्यभर ऊसतोडीला गेल्या. ताईंना दोन मुलं आहेत, चोविसाव्या वर्षी नसबंदी झाली. दोन वर्षं पाळीत अंगावरून फार जायचं. हिमोग्लोबिन ७वर आलं, दोनदा रक्त चढवलं, सोनोग्राफीत गाठी दिसल्या आणि पाच महिन्यांपूर्वी पोटावर छेद घेऊन गर्भपिशवी काढली. ‘सगळं साफ केलंय, आता काळजी नाही,’ असं सांगून घरी सोडलं. तेव्हापासून रात्री दोन-तीनदा अंगाचा भडका उठतो, गोधडी फेकावी लागते आणि मग घामाने थंडी वाजते. झोप होत नाही. मशीनवर बसलं की रडू येतं. खोकलं की लघवीचे थेंब जातात. नवरा जवळ आला की आग होते, म्हणून त्या मुलीशेजारी झोपू लागल्या आहेत, आणि तोही गप्प झाला आहे. सासूबाई म्हणतात, “दर महिन्याची कटकट गेली, आता रडतेस कशाला?” ताई विचारतात, “आमच्या आळीत अकरा जणींच्या पिशव्या काढल्यात, कुणी असं रडत नाही. मग माझंच असं का? मी चूक केली का? मी आता बाई राहिले की नाही?” शेवटी त्यांनी एक ओळ जोडली आहे. त्यांच्या ३१ वर्षांच्या जावेलाही पांढरं जातं म्हणून पिशवी काढायला सांगितलंय, ‘ठेवली तर कॅन्सर होईल’ असं म्हणाले, आणि पुढच्या महिन्याची तारीख दिली आहे.

ताई,

तुमच्या तीन प्रश्नांकडे येतेच. पण त्याआधी एक काम करा. दवाखान्याची फाईल कपाटातून काढा. ‘सगळं साफ केलंय’ या वाक्यातून तुमच्या पोटातून नेमकं काय गेलं आणि काय राहिलं ते कळत नाही, आणि तुमच्या निम्म्याहून जास्त त्रासाचं उत्तर तिथेच आहे.

डिस्चार्ज कार्डावर ऑपरेशनचं नाव इंग्रजी अक्षरांत असतं. ‘टी.ए.एच.’ म्हणजे पोटातून गर्भपिशवी तिच्या तोंडासकट काढली. त्यापुढे ‘बी.एस.ओ.’ असेल तर दोन्ही बाजूंच्या नळ्या आणि दोन्ही अंडाशयंही काढली. ‘बी’ऐवजी ‘यू’ असेल तर एकाच बाजूची काढली आणि दुसरं अंडाशय जागेवर आहे. फाईलमध्ये बायोप्सीचा रिपोर्टही असायला हवा, कारण काढलेला भाग तपासायला पाठवतात. त्या रिपोर्टच्या सुरुवातीला प्रयोगशाळेत काय काय पोहोचलं, किती सेंटिमीटरचं, हे लिहिलेलं असतं. कार्डावर गिचमीड असली तरी तिथे अंडाशयांचा उल्लेख आहे की नाही ते कळेल. स्वतःला वाचता आलं नाही तर गावातल्या आशाताईंना किंवा उपकेंद्राच्या सिस्टरना दाखवा. आणि कागदच नसतील तर दवाखान्यात साधा लेखी अर्ज द्या. डॉक्टरांच्या आचारसंहितेनुसार (२००२चे नियम) कागद मागितल्यावर ७२ तासांत द्यावे लागतात आणि उपचार सुरू झाल्यापासून तीन वर्षं सांभाळावे लागतात. तुमचं ऑपरेशन पाच महिन्यांपूर्वीचं आहे, म्हणजे ‘नाहीत’ हे उत्तर चालणार नाही. अर्जाची एक प्रत सही-शिक्क्यासह आपल्याकडे ठेवा.

हे एवढं महत्त्वाचं का, ते सांगते. आपल्याकडे ‘पिशवी काढली’ हा एकच शब्द सगळ्याला वापरतात. पण पिशवी आणि अंडाशय यांची कामं निरनिराळी आहेत. पिशवी गेली की पाळी जाते आणि गर्भ राहत नाही. अंगातलं इस्ट्रोजेन हे संप्रेरक (हार्मोन) मात्र अंडाशयं बनवतात. ती शाबूत असतील तर पाळी नसली तरी शरीराच्या हिशोबाने बाई अजून पाळीच्या वयातच असते. दोन्ही काढली असतील तर पाळी जाण्याचा, एरवी काही वर्षांत हळूहळू होणारा बदल एका दिवसात होतो. भारतात पाळी आपोआप जाण्याचं सरासरी वय साधारण ४६-४७ आहे. तुमच्याकडून ती आठ-नऊ वर्षं एका सकाळी ऑपरेशनच्या टेबलावर गेली असतील. रात्रीचा भडका, घाम, तुटलेली झोप, मायांगातला (योनीतला) कोरडेपणा आणि आग, कारण नसताना भरून येणारे डोळे, या सगळ्याचं एकच कारण असू शकतं. तुम्ही कमकुवत मनाच्या आहात असा याचा अर्थ नाही.

कागदावर दोन्ही अंडाशयं काढल्याचं निघालं, तर स्त्रीरोगतज्ज्ञांना थेट विचारा: “मला संप्रेरकाचे उपचार सुरू करता येतील का?” हा प्रश्न आपल्याकडे बायका विचारत नाहीत आणि पुष्कळदा डॉक्टरही आपणहून काढत नाहीत, याचं मला फार वाईट वाटतं. पंचेचाळिशीच्या आत अंडाशयं गेलेल्या बाईला हे उपचार नुसते भडका थांबवायला दिले जात नाहीत. हाडं आणि हृदय यांचं जे संरक्षण अवेळी गेलं ते भरून काढायचं असतं. म्हणून काही अडचण नसेल तर साधारण पन्नाशीपर्यंत हे देतात. गर्भपिशवी असलेल्या बाईला इस्ट्रोजेनबरोबर दुसरं संप्रेरकही द्यावं लागतं, नाहीतर पिशवीचं अस्तर वाढतं. तुम्हाला पिशवीच नाही, तेव्हा बहुतेक वेळा एकट्या इस्ट्रोजेनवर भागतं. गोळीही असते आणि कातडीवर चोळायचं जेलही असतं. रक्ताची गाठ होण्याचा धोका जेलने कमी राहतो. पण स्तनाचा कॅन्सर होऊन गेला असेल, पायात किंवा फुप्फुसात रक्ताची गाठ झाली असेल, पक्षाघात झाला असेल, यकृताचा आजार चालू असेल, तर हे चालत नाही. आई, मावशी, बहिणीला स्तनाचा किंवा अंडाशयाचा कॅन्सर झाला असेल तर तेही आधी सांगा. मेडिकलमधून शेजारणीची गोळी बघून आपली आपण घेऊ नका. आणि चालू केल्यावर आठवड्यात फरक नाही म्हणून सोडूनही देऊ नका. भडका आटोक्यात यायला काही आठवडे जातात. ज्यांना इस्ट्रोजेन चालत नाही त्यांच्यासाठी दुसरी औषधं आहेत. नैराश्यावरच्या काही गोळ्यांनीही भडका कमी होतो. तशी चिठ्ठी मिळाली तर ‘मला वेडी ठरवलं’ असं मनात आणू नका.

अंडाशयं राहिली असतील तरी तुमचा त्रास खोटा ठरत नाही. ऑपरेशननंतर त्यांचं काम काही जणींत मंदावतं आणि नैसर्गिक वेळेच्या काही वर्षं आधीच थांबतं. पाळीची खूण नसल्यामुळे ते कळत नाही. तेव्हा एफ.एस.एच.ची, म्हणजे अंडाशयं काम करतात की नाही हे सांगणाऱ्या संप्रेरकाची रक्ततपासणी करतात, चार ते सहा आठवड्यांच्या अंतराने दोनदा. (दोन्ही अंडाशयं काढली असतील तर या तपासणीवर पैसे घालवायची गरज नाही, उत्तर ठरलेलं आहे.)

त्याच वेळी हिमोग्लोबिन, थायरॉइड आणि जमलं तर बी-१२ तपासून घ्या. दोन वर्षांत जे रक्त गेलं, ते चढवलेल्या दोन बाटल्यांनी भरून निघत नाही. हिमोग्लोबिन १२च्या वर आलं तरी शरीरातला लोहाचा साठा रिकामा असतो, म्हणून त्यानंतरही तीन महिने गोळी चालू ठेवावी लागते. थकवा, धडधड आणि रडवेपणा यातला बराच भाग या रिकाम्या साठ्याचाही असू शकतो. लोहाची गोळी चहाबरोबर घेतली तर फारशी अंगी लागत नाही. चहाच्या आधी-नंतर दीड-दोन तास सोडून, लिंबूपाण्याबरोबर घ्या. कॅल्शियमची गोळी तिच्या जोडीने नको. एक सकाळी, एक रात्री. हाडांसाठी दिवसाला हजार मिलिग्रॅम कॅल्शियम लागतं. आपली ज्वारीची भाकरी उत्तम, पण तिच्यात कॅल्शियम फारसं नाही. १०० ग्रॅम नाचणीच्या पिठात साधारण साडेतीनशे मिलिग्रॅम असतं, कपभर दुधात सव्वादोनशे-अडीचशे. तेव्हा एका वेळची भाकरी नाचणीची, कपभर दूध किंवा दही, आणि चमचाभर तिळाची चटणी रोज ठेवा. रोज अर्धा तास भरभर चाला. शिलाईकामात तासन्‌तास बसणं होतं, ते हाडांना आणि कंबरेला दोन्हींना वाईट. ऑपरेशननंतर कंबर दुखली की बायका पाठीतल्या भुलीच्या इंजेक्शनला दोष देतात. खरं कारण बहुधा पोटाचे ढिले पडलेले स्नायू आणि ‘ड’ जीवनसत्त्वाची कमतरता हे असतं. वर्षातून एकदा बीपी, साखर आणि कोलेस्टेरॉलही पाहा. अंडाशयं लवकर गेलेल्या बाईच्या हृदयाकडे लवकर लक्ष द्यावं लागतं.

थेंब थेंब लघवीचं. खोकताना, शिंकताना, हंडा उचलताना जात असेल तर ओटीपोटाच्या तळाचे स्नायू सैल झालेत, आणि ते व्यायामाने सुधारतात. चारचौघांत गॅस अडवताना आपण जे आत आवळून वर ओढतो, तेच स्नायू. पाच सेकंद धरा, पाच सेकंद सोडा, असं दहा वेळा, दिवसातून तीनदा. हळूहळू दहा सेकंदांपर्यंत न्या. पोट, मांड्या, ढुंगण ताठ करू नका आणि श्वास रोखू नका. बहुतेक जणींचं चुकतं ते इथेच. लघवी करताना धार तोडून सराव करू नका. फरक दिसायला तीन महिने लागतात. मशीनवर बॉबिन बदलायला थांबाल तेव्हा एक फेरी करा. बद्धकोष्ठ असेल तर आधी ते घालवा, कुंथण्याने हेच स्नायू आणखी ढिले होतात. ऑपरेशननंतर सहा आठवडे चार-पाच किलोपेक्षा जास्त उचलायचं नसतं. पाण्याने भरलेला हंडा पंधरा किलोच्या घरात जातो, आणि पंधराव्या दिवशी आपल्या बायका तो कमरेवर घेतात! आता पाच महिन्यांनी उचलायला हरकत नाही, पण गुडघ्यांत वाकून, अंगाला धरून आणि उचलण्याआधी ते स्नायू आवळून. मात्र खोकला नसतानाही दिवसरात्र सारखं पाणी झिरपत असेल, कपडा कायम ओला राहत असेल, तर ती वेगळी गोष्ट आहे. ऑपरेशनमध्ये मूत्राशयाला इजा झाली की असं होतं. व्यायामाने ते बरं होणार नाही, लगेच दाखवा. तसंच एकाच पायाची पोटरी सुजून दुखणं, दम लागणं, ताप किंवा दुर्गंधीचा स्राव ही थांबून बघण्याची लक्षणं नव्हेत.

आता नवऱ्याचं. तुम्ही लिहिलंय, तो गप्प झाला. तुम्ही त्याचा अर्थ ‘मी त्याच्या कामाची राहिले नाही’ असा लावलाय. तसंच असेल असं नाही. पोटावर टाके असलेल्या बायकोला आपल्यामुळे काही होईल या भीतीने पुष्कळ पुरुष मागे सरतात, आणि तुम्ही मुलीशेजारी झोपू लागल्यावर त्याने त्याचाही एक अर्थ लावला असेल. एखाद्या दिवशी दिवसाउजेडी, अंथरुणावर नव्हे, एवढंच सांगा: “मला तुम्ही नकोसे नाही झालात. आतून कोरडं पडतं म्हणून आग होते, त्याला औषध आहे, मी घेणार आहे. तोवर नुसतं जवळ बसा.” तपासणीला त्याला बरोबर न्या. मित्रांकडून ऐकलेल्या गोष्टी त्याच्याही डोक्यात असतील, त्या डॉक्टरांनी खोडलेल्या बऱ्या. पिशवी काढल्यावर मायांग आतून टाके घालून बंद केलेलं असतं. तिथे ‘पोकळी’ होत नाही, पिशवीच्या जागी आतडी सरकून बसतात. संबंधातलं सुख मुख्यतः बाहेरच्या शिस्निकेतून (मायांगाच्या वरच्या बाजूच्या छोट्या, नाजूक उंचवट्यातून) येतं आणि ती या ऑपरेशनमध्ये जात नाही. आग होते त्यावर इस्ट्रोजेनचं आतून लावायचं क्रीम मिळतं: दोन आठवडे रोज रात्री, मग आठवड्यातून दोनदा. त्याची मात्रा फार थोडी असते. शिवाय संबंधाच्या वेळी पाण्यात विरघळणारं वंगण जेल वापरा, मेडिकलमध्ये चिठ्ठीशिवाय मिळतं. इच्छा हळू येईल, कारण अंडाशयांबरोबर इच्छेला लागणारं संप्रेरकही कमी होतं. घाई नको. आग तोंडाशी न होता खोल आत दुखत असेल किंवा संबंधानंतर रक्त दिसत असेल, तर टाक्यांच्या जागी मांसाचा कोंब फुटलेला असू शकतो. ओपीडीतच औषध लावून तो जातो, पण तपासल्याशिवाय कळत नाही.

‘चूक केली का?’ हिमोग्लोबिन ७, दोनदा रक्त, गाठी. ही ऑपरेशनची खरी कारणं आहेत. आधी गोळ्या किंवा पिशवीत बसवायचं संप्रेरकाचं साधन वापरून पाहता आलं असतं का, हा प्रश्न रास्त आहे, पण त्याचं ओझं तुमच्यावर नाही. पर्याय सांगणं हे सांगणाऱ्याचं काम होतं. अंडाशयं काढली असतील तर ती अडतिसाव्या वर्षी का काढली, हे मात्र जरूर विचारा. कधी त्यांवर गाठ असते, कधी चिकटलेली असतात. कारण लिहिलेलं असेल तर तुमच्या मनाला ठाव मिळेल.

आणि योग्य ऑपरेशनचंही दुःख होऊ शकतं. आपण दोन्ही गोष्टी एकत्र धरू देत नाही: त्रास गेला ना, मग हस. पाळीची कटकट गेली हे सासूबाईंचं खरं, आणि तुमच्या शरीरातून काही गेलं हे तुमचंही खरं. पुन्हा मूल नको असताना, नसबंदी झालेली असतानाही पिशवीसाठी रडू येतं. त्यात विचित्र काही नाही. तुम्ही बाई राहिलात का, असं विचारता. तेरा-चौदा वर्षांच्या होऊन पाळी येण्याआधीही तुम्ही मुलगीच होतात ना? रडू ओसरत नसेल, दोन आठवड्यांहून जास्त दिवस कशातच मन लागत नसेल, ‘नसतेच तर बरं’ असे विचार येत असतील, तर १४४१६ला फोन करा. टेलिमानस ही सरकारची मोफत सेवा आहे, चोवीस तास चालते आणि मराठीत बोलता येतं.

राहता राहिल्या आळीतल्या अकरा जणी. त्या रडत नाहीत हे तुम्हाला कसं कळलं? त्याही रात्रीच गोधडी फेकत असतील. २०१९मध्ये बीड जिल्ह्यात सरकारी समितीने ८२,३०९ ऊसतोड कामगार बायकांची पाहणी केली, त्यांत १३,८६१ जणींच्या पिशव्या काढलेल्या निघाल्या. देशभरात १५ ते ४९ वयाच्या बायकांत हे प्रमाण शंभरात तीनच्या आसपास आहे. एक दिवस खाडा झाला तर मुकादम पैसे कापणार, उचल फिटायची राहणार, फडात आंघोळीला आडोसा नाही; तिथे पाळी ही आजारासारखी वाटू लागते आणि पिशवी काढणं हा इलाज. तुमच्या आईची, मावशीची पिशवीही अशीच गेली असेल, तर त्यांनी कंबरदुखी आणि थकवा कामाचा म्हणून काढला असेल. त्यांना विचारून पाहा, झोप कशी लागायची. आणि त्यांच्याही हाडांची तपासणी करून घ्या.

म्हणूनच जावेची गोष्ट मला तुमच्याइतकीच तातडीची वाटते. पांढरं जाणं हे पिशवी काढण्याचं कारण नाही. दोन पाळ्यांच्या मधोमध तार सुटणारं पाणी जातं, ते तर निरोगीपणाचं. दह्यासारखं आणि खाज असेल तर बुरशी, माशासारखा वास असेल किंवा हिरवट फेसाळ असेल तर जंतू, आणि दोन्हींवर थोड्या दिवसांचा औषधोपचार असतो. काही संसर्गांत नवऱ्यानेही गोळ्या घ्याव्या लागतात, नाहीतर तो पुन्हा पुन्हा फिरून येतो आणि वाटतं औषध लागूच पडत नाही. ‘पिशवीच्या तोंडावर जखम आहे’ असं सांगितलं असेल तर ती बहुतेकदा जखम नसते. तिथली आतली नाजूक त्वचा बाहेर दिसते, तरुण बायकांत ते सर्रास असतं. कॅन्सरची भीती घालण्याआधी पॅपची (पिशवीच्या तोंडावरच्या पेशींची), एच.पी.व्ही.ची (हा कॅन्सर करणाऱ्या विषाणूची) किंवा व्हिनेगर लावून बघण्याची तपासणी व्हायला हवी. तिशीपुढच्या बायकांची ही व्हिनेगरची तपासणी सरकारी दवाखान्यात मोफत होते. पिशवीच्या तोंडाचा कॅन्सर व्हायला बहुधा दहा-पंधरा वर्षं लागतात आणि आधीच्या पायरीवर सापडला तर तेवढाच भाग जाळून किंवा कापून भागतं, पिशवी राहते.

तिला डॉक्टरांना विचारायला सांगा: कोणती तपासणी झाली आणि तिचा कागद कुठे आहे? आधी कोणतं औषध किती दिवस दिलं? नवऱ्याला दिलं का? आणि अंडाशयंही काढणार का, काढणार असाल तर कशासाठी? उत्तरं कागदावर मागा. बीड जिल्ह्यात २०१९नंतर खासगी दवाखान्यांना या ऑपरेशनसाठी जिल्हा शल्यचिकित्सकांची परवानगी घ्यावी लागते, आणि नको त्या ऑपरेशनांवर देखरेख ठेवा असं सर्वोच्च न्यायालयाने एप्रिल २०२३मध्ये सगळ्या राज्यांना सांगितलं आहे. दिलेली तारीख पुढे ढकलता येते, त्याने तिला काही होणार नाही. त्याआधी दुसऱ्या डॉक्टरांचं मत घ्या, शक्यतो ऑपरेशनवर ज्यांचं पोट नाही अशा ठिकाणी: जिल्हा रुग्णालय, अंबाजोगाईचं शासकीय वैद्यकीय महाविद्यालय किंवा संभाजीनगरचं घाटी रुग्णालय, जे जवळ पडेल ते. सकाळच्या एसटीने निघा, केसपेपरची खिडकी दुपारी बंद होते. जावेला घेऊन जाल तेव्हा तुमची फाईलही पिशवीत टाका; एकाच रांगेत दोघींचं काम होईल.